दहावी झालेल्या भाच्याला स्वयंपाकाचं कोणतं पुस्तक द्यावं?

वसमतच्या एका आत्याबाईंचा प्रश्न आहे. भाचा दहावी झाला, जूनमध्ये अकरावीसाठी लातूरला जाईल. तिघं मित्र खोली करून राहणार, मेसचा डबा एकाच वेळचा. पोराला स्वयंपाकाची मनापासून आवड आहे, मोबाईलवर बघून काही ना काही करत असतो. त्याला दोन-तीन चांगली पुस्तकं भेट द्यावीत म्हणून त्या दुकानात गेल्या, तर भिंतभर पुस्तकं बघून तशाच परत आल्या. कोणती घेऊ, आणि मोबाईल बंद करायला लावू का, असं त्या विचारतात.

ताई, दोन-तीन नका घेऊ. एकच घ्या. तीन पुस्तकं दिली की पोरगं तिन्ही चाळतं, फोटो बघतं आणि शेवटी मॅगी करतं. एकच असलं की त्याच्याशी भांडत का होईना, शिकतं.

मी परभणीत बावीस वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वयंपाकाचे वर्ग घेते. सुरुवातीला फक्त लग्न ठरलेल्या मुली यायच्या. आता मुलंही तेवढीच येतात, आणि बहुतेक सगळी तुमच्या भाच्यासारखी, जूनमध्ये घर सोडणारी. वर्ग संपला की पालक हमखास हाच प्रश्न विचारतात. माझं उत्तर दर वेळी एकच असतं. पुस्तकात किती पदार्थ आहेत ते मोजू नका. पदार्थ बिघडला तर कुठं बिघडला हे ते पुस्तक मुलाला सांगतं का, तेवढं बघा. आईजवळ शिकणाऱ्याला ते आई सांगते. लातूरच्या खोलीत आई नसते.

हे दुकानात उभ्याउभ्या कसं ओळखायचं? तुम्हाला डोळे मिटून येतो असा पदार्थ काढा. मी कांदेपोहे काढते. ‘पोहे भिजवून घ्यावेत’ एवढंच लिहिलेलं असेल तर पुस्तक खाली ठेवा. नवखं पोरगं पातेलंभर पाण्यात पोहे बुडवून अंघोळीला जाईल आणि येऊन बघेल तर लगदा. ‘जाड पोहे चाळणीत घेऊन धुवावेत, पाणी निथळू द्यावं, दहा मिनिटांनी एक पोहा बोटांत दाबला तर चुरला पाहिजे, कडक लागला तर पाण्याचा हबका मारावा’ असं काही लिहिलेलं असेल तर लिहिणाऱ्या बाईंनी कुणाला तरी शेजारी उभं करून शिकवलंय हे नक्की. असं पुस्तक घ्या, मग फोटो काळेपांढरे असले तरी चालतील, नसले तरी चालतील. नंतर दुसरा एखादा पदार्थ काढा, साधं वरण किंवा पिठलं. पिठल्यात गाठी झाल्या तर काय करायचं हे आहे का? तिखट जास्त पडलं तर? ‘कांदा परतावा’ लिहिलंय, की ‘कडा तांबूस होईपर्यंत परतावा’? ‘मसाला भाजावा’ लिहिलंय, की ‘खोबऱ्याचा रंग बदलला की लगेच उतरवावा, तवा तापलेला असतो, खाली ठेवल्यावरही ते भाजलं जातं’? या दोन ओळींतला फरकच आपण विकत घ्यायचा आहे.

सगळ्यात मोठं भांडण मापाचं. यात मी स्वतः पोळलेली आहे. पंधरा-सोळा वर्षांची असताना दिवाळीला आईला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून पुस्तकात बघून एकटीनं चकल्या करायला बसले. चार वाट्या भाजणी आणि अर्धी वाटी मोहन. भाजणी मोजली आमटीच्या छोट्या वाटीनं, आणि तेलासाठी हाताशी आली ती मोठी वाटी. पहिली चकली कढईत सोडली नि फसफसून ती तेलातच विरघळली. दुसरी तशीच, तिसरी तशीच. मला वाटलं सोऱ्या खराब आहे! आई घरी आल्यावर तिनं पीठ चोळून बघितलं, काही न बोलता आणखी भाजणी मिसळली, आणि त्यातूनच बऱ्यापैकी चकल्या निघाल्या. पुस्तक चुकलेलं नव्हतं. पण ‘मोहन जास्त झालं की चकली विरघळते, तसं झाल्यास भाजणी वाढवावी’ ही एक ओळ त्यात असती तर माझी दुपार वाचली असती.

घरातल्या वाट्या शंभर मिलीपासून दोनशे मिलीपर्यंत कितीही असतात. बाजारात मिळणारा मापाचा कप दोनशे चाळीस किंवा दोनशे पन्नास मिलीचा. सगळं एकाच वाटीनं मोजलं तर वाटी लहान-मोठी असून बिघडत नाही, हे खरं. पण चमचा वाटीबरोबर लहान होत नाही ना! पुस्तकातल्या बाईंची वाटी मोठी, आपली छोटी, आणि तिखट मात्र तेवढंच दोन चमचे, म्हणजे आमटी जाळ. त्यात चमच्याचेही दोन प्रकार. मोठा चमचा पंधरा मिलीचा, चहाचा पाच मिलीचा. म्हणजे थेट तिप्पट. म्हणून पुस्तकाच्या पहिल्या काही पानांत ‘आमची वाटी एवढी, आमचा चमचा एवढा’ असं सांगितलंय का हे बघाच. नसेल तर निदान सगळ्या पुस्तकात एकच पद्धत पाळलेली असावी. एका पानावर वाटी, दुसऱ्यावर ग्रॅम, तिसऱ्यावर ‘मूठभर’, असं असेल तर ते दहा मासिकांतून गोळा करून छापलेलं आहे. आणि पुस्तकाबरोबर स्टीलचा मापाच्या चमच्यांचा संच द्या. दुसऱ्या पुस्तकाचे पैसे तिथं घाला.

मराठीत एकच नाव सांगा म्हणाल तर मी अजूनही कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ सांगते. १९७० सालचं पुस्तक. तराजू न मागता वाटी-चमच्याच्या प्रमाणात नीट बसवलेल्या कृती, हा त्याचा मोठा गुण. म्हणूनच ते घराघरांत गेलं. माझ्या वर्गातल्या मुलांनी त्यातून आपापलं करून पाहिलं, तेव्हा दहातले आठ पदार्थ पहिल्याच वेळी खाण्याजोगे झाले. जुन्या पुस्तकांच्या प्रस्तावना नव्या सुनांना उद्देशून असतात, त्यामुळं मुलाला ते चालेल का असं एका वडिलांनी मला विचारलं होतं. पंधरा वर्षांचं पोरगं प्रस्तावना वाचतंय कुठं!

पण देताना एक गोष्ट त्याला सांगा. त्या पुस्तकाची जीभ सांगलीकडच्या ब्राह्मणी घराची आहे. आमटीत गूळ, गोडा मसाला. आपल्याकडच्या पोराला काळ्या मसाल्याची नि लसणाची सवय. पहिल्याच दिवशी ‘हे गोडच लागतंय’ म्हणून तो पुस्तक कोपऱ्यात टाकेल. त्याला म्हणावं, पहिल्यांदा लिहिलंय तसंच कर, दुसऱ्यांदा गूळ काढ नि आपला मसाला घाल. कृती पुस्तकाची, चव आपली. हे एकदा कळलं की कुठलंही पुस्तक कामाला येतं.

‘चवीपुरतं मीठ’ ही मात्र जवळजवळ सगळ्याच पुस्तकांतली खोड आहे, आणि नवख्यासाठी तो शब्द म्हणजे भिंत. ज्याला चव कळायची आहे त्यालाच चवीपुरतं सांगायचं! मी मुलांना सुरुवातीचा आकडा देते. शिजून तयार झालेल्या एक किलो पदार्थाला साधारण दहा ग्रॅम मीठ. म्हणजे पाव किलो भाजीला चहाचा अर्धा चमचा, सपाट. वाटीभर डाळीच्या वरणाला चहाचा एक सपाट चमचा घालून चाखायचं, मग लागेल तसं वाढवायचं. हे पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर तुमच्या हातानं लिहून द्या. ‘प्रिय भाच्यास सप्रेम’पेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

आता पाण्याचं. बाहेरच्या कुठल्याही पुस्तकात ‘कुकरच्या तीन शिट्ट्या कराव्यात’ असं असतं, आणि आपल्याकडं तीन शिट्ट्यांत डाळ शिजत नाही. पोराला वाटतं आपलंच चुकलं. त्याचं काही चुकलेलं नसतं. आपल्या भागात बोअरचं पाणी जड. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळं डाळीच्या दाण्याची भिंत लवकर मऊ होत नाही. डाळ जुनी असली तर आणखीनच वेळ. उपाय साधा आहे. डाळ अर्धा तास गरम पाण्यात भिजवायची, शिजवायला शक्यतो पिण्याचं फिल्टरचं पाणी घ्यायचं. सोड्याची चिमूट टाकली तर डाळ भराभर शिजते, पण चव जाते आणि ब जीवनसत्त्वही जातं. आणि चिंच, टोमॅटो, आमसूल काहीही आंबट असेल ते डाळ पूर्ण शिजल्यावरच. आधी घातलं की डाळ टचटचीत राहते ती राहतेच. गंमत अशी की लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला, दोन्हींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पोरगं दोन्हींच्या गावाला चाललंय. फक्त दोघींची भेट कुकरमध्ये घडवून आणू नको म्हणावं.

शिट्ट्या मोजण्यापेक्षा मिनिटं मोजायला शिकवा. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करायची आणि दहा-बारा मिनिटं घड्याळ लावायचं. शिट्टी आचेवर, कुकरच्या आकारावर नि वजनावर असते, मिनिट सगळीकडं सारखं. डाळ असेल तर कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरायचा नाही, फेस चढून शिट्टीचं भोक बुजतं. पुस्तकात अशी सूचना असली तर त्या पुस्तकाला माझ्याकडून दोन गुण जास्त. आणि हातात पेन्सिल ठेवायची. ‘आपल्याकडं १३ मिनिटं’ असं त्या कृतीच्या शेजारी लिहायचं. पुस्तकावर लिहू नये असं शाळेत शिकवतात, ते स्वयंपाकाच्या पुस्तकाला लागू नाही.

भाकरी कुठलंच पुस्तक शिकवू शकत नाही, हे आधीच कबूल करते. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. उकळत्या पाण्यानं पीठ भिजवलं की त्यातला स्टार्च फुलतो आणि तोच पिठाला धरून ठेवतो. एवढं पुस्तकात लिहिता येईल. पण पीठ दळून बरेच दिवस झाले, त्याची विरी, म्हणजे धरून ठेवायची ताकद, गेली, की तेच पाणी, तोच हात, तरी भाकरी थापताना कडेला चिरते. हे हाताला कळायला पाहिजे. तळव्याचा दाब, परातीवरचं फिरणं, तव्यावर टाकल्याबरोबर वरून पाणी फिरवायची घाई, ती नेमकी कधी करायची, हे बघूनच येतं. मे महिना हातात आहे. रोज त्याच्याकडून दोन भाकरी करून घ्या. पहिल्या आठवड्यातल्या तुम्ही खा, कुरकुर न करता.

आपल्या मराठवाड्याचा स्वयंपाक छापील पुस्तकांत शोधायला गेलात तर हाती फार थोडं लागतं. धपाटे सापडतात, तेही थालीपिठाचा भाऊ म्हणून. येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी क्वचित. सुशीला तर पुण्या-मुंबईच्या लोकांना एखाद्या बाईचं नाव वाटतं! खोलीत राहणाऱ्या पोरासाठी मात्र सुशीला आणि येसर हे दोन्ही पदार्थ सोन्यासारखे. सुशीलासाठी मुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा-मिरचीची फोडणी, वरून डाळव्याचं पीठ, झाला नाश्ता दहा मिनिटांत. येसर घरून भाजून-दळून नेलं की पाण्यात कालवून, उकळून, वर लसणाची फोडणी दिली की आमटी तयार, ना भाजी चिरायची ना डाळ शिजवायची.

शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) हे पुस्तक या बाबतीत वेगळं आहे. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या जेवणाचं ते पुस्तक. काय मिळायचं, काय मिळायचं नाही, मिळेल त्यातून काय रांधलं जायचं, हे सगळं त्यात आहे. त्याचा इंग्रजी अनुवादही २०२४ मध्ये आला. मोजमाप शिकायला म्हणून ते देऊ नका, तो त्याचा हेतूच नाही. पण पोरगं वाचणारं असेल तर वर्षभरानं अवश्य द्या. आपल्याच मुलखात दोन गल्ल्या सोडून काय शिजत होतं हे अन्नपूर्णेची स्तोत्रं गाणाऱ्या पुस्तकांतून कळत नाही.

काय घेऊ नये हे थोडक्यात. ‘मुलांसाठी स्वयंपाक’ अशी रंगीत पुस्तकं नकोत. त्यात बिनआचेचे सँडविच नि बिस्किटांचे केक असतात. दहा वर्षांच्या लेकराला ठीक, पंधराव्या वर्षी तो अपमान आहे. ‘एक हजार एक’ पदार्थवालं नको. ज्यात ओव्हन एकशे ऐंशी अंशावर तापवून घ्या असं पानोपानी आहे ते नको, खोलीत ओव्हन कुठला? एखाद्या प्रदर्शनात ‘गृहिणी-मित्र’सारखं १९१० सालचं जुनं पुस्तक दिसलं तर मोह होईल. तुमच्यासाठी जरूर घ्या, मजा येते, पोराला नको. आणि फक्त लोणची, फक्त केक, फक्त उपवास अशी एकाच विषयाची पुस्तकं नंतर कधीतरी.

इंग्रजी वाचायची सवय असेल आणि ‘असं का होतं’ विचारणारा स्वभाव असेल तर कृष अशोक यांचं ‘मसाला लॅब’ (२०२०) छान आहे. भारतीय स्वयंपाकातलं विज्ञान आहे त्यात. विज्ञान शाखेला जाणाऱ्या पोराला आवडेल. पण ते दुसरं पुस्तक. पहिलं नव्हे.

विकत घ्यायच्या आधी तुमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन स्वयंपाकाचं कपाट बघा. हळदीचे डाग, तेलकट पानं कुठं आहेत ते बघायचं. ज्या पुस्तकाची वीस-पंचवीस पानं पिवळी झालीत ते लोकांनी चुलीजवळ नेलेलं आहे. ज्याची पानं कोरी ते फक्त पलंगावर पडून वाचलेलं. मला आजवर इतकी खरी परीक्षा दुसरी सापडली नाही.

एक विसरत होते. खोलीमालक गॅस ठेवू देणार आहेत का, हे आधी विचारा. बरेच जण देत नाहीत, मग इंडक्शन येतं. इंडक्शनवर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही, तळाला इंडक्शनचा बूड असलेलाच घ्यावा लागतो. भाकरी फुगवायला जाळ नाही, त्यामुळं ती तव्यावरच कापडानं दाबून भाजायची. आणि पातळ बुडाच्या भगुन्यात पुस्तकाबरहुकूम ‘तेल तापल्यावर मोहरी’ घातली की इंडक्शनवर ती तडतडायच्या आधीच करपते. आच आधी कमी, मग तेल. पुस्तकं बहुतेक गॅस गृहीत धरून लिहिलेली असतात, म्हणून हे त्याला तोंडी सांगावं लागेल. हेही सांगा, कढईतल्या तेलानं पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही. आच बंद, वर झाकण.

मोबाईलचं. बंद करायला लावू नका, ऐकणारही नाही. हाताची हालचाल बघायला मोबाईल पुस्तकापेक्षा चांगलाच आहे. भाकरी थापणं, कांदा बारीक चिरणं, मोदकाची कळी हे शब्दांत येत नाही. पण त्यात वेळ कापलेला असतो. कांदा टाकला, दोन सेकंदांत तांबूस झाला! प्रत्यक्षात दहा-बारा मिनिटं लागतात, आणि पोरगं आच मोठी करून कांदा जाळतं. म्हणून हालचाल मोबाईलवर बघायची, प्रमाण नि वेळ पुस्तकातून घ्यायची. भात उन्हाळ्यात किती तास टिकतो, उरलेलं वरण रात्री वापरायचं का, हे तर मोबाईलवर कुणी सांगतच नाही. मार्च ते जून शिजलेला भात तास-दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचा नाही, फ्रिज नसेल तर तेवढाच करायचा.

मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला लातूरकडचे लोक शेतात जेवायला नेतात. घरमालकानं बोलावलं तर अभ्यास बाजूला ठेवून जायला सांगा. तिथली भज्जी (मिश्र भाज्यांची भाजी, तळलेली भजी नव्हे) नि आंबील खाऊन येऊ दे, आणि करणाऱ्या बाईंना प्रमाण विचारून घेऊ दे. त्या वाटीनं सांगणार नाहीत, ओंजळीनं सांगतील. तोवर त्याला ओंजळीची वाटी करता यायला लागलेली असेल.

येसर पाठवणार असाल तर मृगाचा पाऊस यायच्या आत भाजून, दळून, कोरड्या बरणीत भरा. ओल धरली की गाठी होतात नि वास येतो. आमच्याकडं गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, सुकं खोबरं, मिरे, लवंग घालतात, प्रत्येक घराचं थोडं वेगळं असतं. तुमच्या घरी कुणाला प्रमाण आठवत नसेल तर कळवा. माझी वाटी दीडशे मिलीची आहे, त्या मापानं लिहून देते.